डेलिया: आधी हात आखडता, मग कात्री सढळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेलियाचे आठ कंद लावले, त्यातले तीन उगवलेच नाहीत. उगवलेल्यांपैकी दोन झाडं छातीएवढी वाढली, पानं हिरवीगार, पण फुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक झाड फुलांच्या ओझ्याने पावसात आडवं झालं. आता हंगाम उतरणीला लागलाय, तर कंद जमिनीतच ठेवायचे की काढायचे, आणि काढले तर पुढच्या लागवडीपर्यंत टिकवायचे कसे?

तुमच्या चारही अडचणी मी स्वतः भोगल्या आहेत, काही दोन-दोनदा. त्यामुळे आधी निदान सांगतो: तुम्ही काळजी कमी घेतली नाही, भलत्या वेळी घेतली. डेलियाला सुरुवातीला पाणी आणि खत देताना हात आखडता ठेवायचा असतो आणि पुढे कात्री चालवताना सढळ. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. कंद लावला की रोज पाणी, आणि फूल आलं की ते कापायला जीव होत नाही.

न उगवलेल्या तिघांपासून सुरुवात करू. त्या जागा खुरप्याने हलक्या हाताने उकरून बघा. तिथे दोनपैकी एक गोष्ट सापडेल. एक तर पातळ सालीत भरलेला, आंबूस वासाचा लगदा, नाहीतर लावला तसाच टणक, कदाचित बारीक मुळंही फुटलेली, पण कोंबाचा पत्ता नसलेला कंद. पहिल्याचं कारण पाणी. दुसऱ्याचं कारण डोळा.

डोळ्याचं आधी. डेलियाचा कंद बटाट्यासारखा दिसतो, म्हणून आपण त्याला बटाट्याचेच नियम लावतो. बटाटा म्हणजे जमिनीखालचं फुगलेलं खोड. त्याच्या अंगावर सगळीकडे डोळे असतात, त्यामुळे डोळा असलेला कुठलाही तुकडा लावला तरी चालतं. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ आहे. त्याच्या पोटावर डोळा कधीच नसतो. डोळे असतात ते फक्त वर, जिथे कंदाची मान जुन्या खोडाच्या बुडाला चिकटते त्या चार बोटांच्या गाठीत. ती गाठ सोबत नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, तो मुळं सोडेल, महिनोन्महिने मातीत टणक राहील, पण कोंब काढणार नाही. कंदाच्या आत इन्युलिन नावाच्या पिष्टसदृश पदार्थाचा साठा असतो, त्यावर तो आरामात तग धरतो. त्याला बिचाऱ्याला बाहेर पडायला दारच नसतं.

म्हणून कंद हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. जुन्या खोडाचा थोडा तरी भाग शाबूत आहे का? मान मोडलेली किंवा पिळवटलेली नाही ना? आणि त्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा दिसतो का? फुगवटा कधी गुलाबीसर असतो, कधी फिकट हिरवा. दिसत नसेल तर कंद फेकू नका. ओलसर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, उबेला दोन-तीन आठवडे ठेवा, गाठ उघडी ठेवून. डोळा असेल तर तेवढ्यात दिसायला लागतो. मान मोडलेला कंद मात्र लावू नये. कंद आणि डोळा यांच्यातला रस्ताच तुटलेला असतो. कंदाच्या आकाराला भुलू नका. मधल्या बोटाएवढा, डोळा असलेला कंद मुठीएवढ्या बिनडोळ्याच्या कंदापेक्षा केव्हाही बरा.

आता पाणी. पहिल्या वर्षी मी सहा कंद लावले होते आणि मोठ्या निष्ठेने रोज संध्याकाळी झारीने पाणी घालत होतो. तीन आठवड्यांनी धीर सुटला, उकरलं, तर सहापैकी पाच जागी बोटाला फक्त चिखल लागला. सहावा वाचला कारण तो उताराच्या कडेला होता आणि तिथे पाणी थांबत नव्हतं. त्या सहाव्याने मला जे शिकवलं ते एवढंच: कोंब येण्यापूर्वी कंदाला पाणी पिण्याची सोयच नसते. पाणी ओढणारी बारीक मुळं अजून फुटलेली नसतात आणि पाणी उडवून टाकणारी पानंही नसतात. त्याला लागणारा ओलावा त्याच्या पोटातच असतो. आपण दिलेलं पाणी नुसतं भोवती साचतं, आणि साचलेल्या पाण्यात बुरशी आपलं काम सुरू करते.

कंद लावताना माती वाफशावर असावी. मूठ आवळली की गोळा होतो आणि बोटाने ढकलला की फुटतो, इतपत ओल. तेवढ्यावर कंद लावा आणि कोंब जमिनीबाहेर येईपर्यंत पाणी देऊ नका. माती अगदीच धुळीसारखी कोरडी पडली तर हलका शिडकावा, बस. कोंब यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, थंड मातीत त्याहूनही जास्त. मातीचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास आल्याशिवाय लावण्यात अर्थ नाही. जिथे दहिवर गोठतं तिथे शेवटचं दहिवर पडून गेल्यावर, आणि जिथे पावसाळा जोरदार असतो तिथे तो ओसरल्यावर लावावं. घाई करून लवकर लावलेला कंद आणि तीन आठवडे उशिरा लावलेला कंद फुलायला येतात जवळजवळ एकाच सुमारास. फरक एवढाच की पहिला कधीकधी येतच नाही.

जागेबद्दल फार बोलत नाही, कारण तुमची झाडं छातीएवढी झाली म्हणजे जागा ठीक आहे. किमान सहा तासांचं ऊन हवं. ऊन फार कडक असेल तर सकाळचं पूर्ण आणि दुपारनंतर सावली, हे उत्तम. माती भुसभुशीत, किंचित आम्ल ते उदासीन, आणि पाणी झटकन निचरा होणारी. चिकणमाती असेल तर खड्ड्यात वाळू घालण्याचा खटाटोप करू नका. चिकण मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच. त्यापेक्षा वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. कुंडीत लावायचं तर बुटक्या जातींना तीस सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. मोठ्या फुलांच्या जातींना चाळीस-पंचेचाळीसच्या खाली समाधान नसतं, आणि कुंडीतल्या झाडाला पाणी व खत दोन्ही जास्त वेळा लागतं.

कंद दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल, आडवा ठेवायचा, डोळा वरच्या बाजूला. उंच जातींमध्ये दोन झाडांत साठ ते नव्वद सेंटिमीटर अंतर ठेवा, बुटक्यांना तीस-चाळीस पुरे. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो, म्हणून आपण मध्ये एखादा जास्तीचा कंद खुपसतो. पुढे तिथेच हवा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते.

आणि आडवं झालेलं तुमचं झाड. डेलियाचं खोड पोकळ असतं. वरून कितीही जाडजूड दिसलं तरी आतून ती नळी आहे, वर शंभर-दीडशे ग्रॅमचं पाण्याने भिजलेलं फूल, आणि मग वारा. आधाराची काठी कंद लावतानाच रोवायची, कंद ठेवण्याच्या आधी. नंतर रोवली तर मातीखाली कंद कुठे पसरलेत ते दिसत नाही आणि काठी बरोब्बर त्यातल्या एकाच्या पोटात घुसते. मी हे केलेलं आहे. काठी जमिनीवर किमान चार-साडेचार फूट हवी. झाड वाढेल तसं दर फूटभर उंचीवर सुतळी बांधा, पण खोडाभोवती फास आवळू नका. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वळसा काठीला आणि एक सैल वळसा खोडाला. झाडं ओळीत असतील तर दोन्ही टोकांना खुंट ठोकून दोन बाजूंनी दोऱ्या ओढल्या तरी काम होतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पानंच पानं आणि फुलं नाहीत. याची तीन कारणं संभवतात आणि बहुधा तुमच्याकडे दोन एकत्र आली आहेत.

पहिलं, नत्र, म्हणजे नायट्रोजन. गवताला किंवा पालेभाजीला देतो तसलं नत्र भरपूर असलेलं खत डेलियाला दिलं की ते आनंदाने पानं काढत सुटतं. खोडं लुसलुशीत होतात, मावा धावून येतो, फुलं लांबतात, आणि त्या वर्षीचे कंद साठवणीत लवकर सडतात. लावताना मातीत मिसळलेलं कंपोस्ट पहिल्या महिन्याला पुरतं. झाड फूटभर झालं की कमी नत्राचं आणि जास्त स्फुरद-पालाशाचं खत, पिशवीवर तीन आकडे असतात त्यातला पहिला सगळ्यात लहान, दर तीन-चार आठवड्यांनी, तेही पिशवीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. कळ्या दिसू लागल्यावर नत्र जवळपास बंद. ताजं शेण किंवा न कुजलेलं कोंबडीखत तर कधीच नको.

दुसरं, शेंडा खुडलेला नसणं. हे काम लोकांना सगळ्यात जड जातं. नुकतं कुठे वीत-दीड वीत वाढलेलं रोप, आणि त्याची मुंडी उडवायची. पण डेलियाच्या शेंड्यात असा संप्रेरक तयार होतो की तो खालच्या बगलफुटींना दाबून ठेवतो. शेंडा आहे तोवर झाड एकखांबी तंबूसारखं सरळ वर जातं. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, उंची साधारण तीस सेंटिमीटर झाली की मधला शेंडा पेराच्या वर खुडायचा. दोन बोटांच्या नखांत धरून मोडला तरी मोडतो. आठवड्याभरात प्रत्येक पानाच्या बेचक्यातून दोन्ही बाजूंना फुटवा येतो. एका खोडाची सहा-आठ खोडं होतात. पहिलं फूल दहा-बारा दिवस उशिरा येतं हे खरं, पण त्यानंतर येणाऱ्या फुलांची संख्या दुपटीच्या वर जाते आणि झाड बसकं, भरदार राहतं. आडवंही कमी होतं.

तिसरं कारण हवामानाचं, आणि त्यावर आपला इलाज थोडाच आहे. डेलिया मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं. मेक्सिकोने 1963 मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा ही त्याची घरची सवय. तापमान बत्तीस अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं की झाड नुसतं उभं राहतं. कळ्या गळतात किंवा फुलं लहान, फिकट येतात. अशा वेळी खत देऊन त्याला ढोसू नका. बुडाशी चार बोटं जाड आच्छादन घाला, पाणी खोलवर द्या आणि वाट बघा. रात्री गार होऊ लागल्या की तेच झाड असं फुलतं की आधीचं रुसणं विसरायला होतं.

पाण्याचा नियम कोंब आल्यानंतर बदलतो. झाड गुडघाभर झालं की डेलिया तहानलेलं असतं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा, वीतभर खोल माती भिजेल इतकं, बुडाशी, सकाळी. पानांवर आणि फुलांवर पाणी मारू नका. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नका. मातीत बोट घालून बघा. ओल असेल तर झाड फक्त उन्हाने दमलंय, संध्याकाळी उठून बसेल.

आता कात्री. एका फांदीच्या टोकाला डेलिया बहुधा तीन कळ्या काढतं: मधली मोठी, दोन बाजूंना दोन लहान. तिन्ही ठेवल्या तर तिन्ही मध्यम फुलतात आणि एकमेकींना ढोसतात. बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर मधलं फूल मोठं आणि त्याचा देठ लांब, सरळ येतो. थाळीएवढ्या फुलांच्या जातींना हे करायलाच हवं. पंचवीस सेंटिमीटरच्या वरची ती राक्षसी फुलं आपोआप तेवढी होत नाहीत. त्यांच्यासाठी झाडावर मोजक्याच फांद्या आणि प्रत्येक फांदीला एकच कळी ठेवतात. पाच सेंटिमीटरच्या आतल्या गोंड्यांना, म्हणजे पॉम्पॉन प्रकाराला, याची काही गरज नाही. तिथे फुलांचा घोस हवाच असतो.

आणि सुकलेली फुलं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण डेलियाचा सगळा खटाटोप बी धरण्यासाठी आहे. बी धरलं की त्याचं काम झालं, फुलणं मंदावतं. दर दोन-तीन दिवसांनी सुकलेली फुलं कापत गेलात तर ते महिनोन्महिने फुलत राहतं. अडचण अशी की सुकून पाकळ्या गळालेलं फूल आणि नवी कळी लांबून सारखीच दिसतात. मी शेजारच्या एका हौशी काकांना अर्ध्या तासात झाडावरच्या सगळ्या कळ्या निगुतीने कापताना पाहिलंय, आणि सुकलेली फुलं तशीच ठेवताना. ओळख सोपी आहे. नवी कळी गोल, चपटी, बटणासारखी आणि दाबली तर घट्ट. सुकलेलं फूल टोकदार, शंकूसारखं, आणि चिमटीत धरलं की पिचपिचीत, कधी बोटाला तपकिरी पाणीही लागतं. एकदा दोन्ही शेजारी धरून बोटांनी चाचपली की पुन्हा चूक होत नाही. कापताना नुसतं डोकं उडवू नका. देठ खाली जिथे पानांच्या जोडीला मिळतो तिथपर्यंत जा आणि त्या जोडीच्या जरा वर कापा. नुसते उघडे देठ ठेवले तर झाड काटेरी झुडपासारखं दिसतं आणि पोकळ देठांत पाणी भरतं.

फुलदाणीसाठी कापणं हाही फुलं वाढवण्याचाच मार्ग आहे, म्हणून कंजूषपणा नको. गुलाबाची कळी कापली तरी पाण्यात उमलते. डेलियाची उमलत नाही. तीन-चतुर्थांश उमललेलं फूल सकाळी लवकर कापा. मागच्या बाजूच्या पाकळ्या मऊ पडू लागल्या असतील तर ते फूल झाडावरच बघावं. कापल्यावर देठ दोन-तीन इंच खोल गरम पाण्यात, सत्तर ते ऐंशी अंशांच्या, तासभर पाणी निवेपर्यंत उभा ठेवण्याची जुनी रीत आहे. वाफ फुलाला लागू द्यायची नाही. मी ती पाळतो. रोज पाणी बदललं तर फूल चार ते सहा दिवस टिकतं, त्याहून जास्त अपेक्षा करू नका.

किडी आणि रोगांत मी जातच नव्हतो, पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोवळ्या कोंबांचा पहिला शत्रू गोगलगाय, कवचवाली आणि बिनकवचाची दोन्ही. कोंब रात्रीत नाहीसा झाला आणि सकाळी चकाकती रेघ दिसली तर शंका नको. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय. पाकळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा असू शकतो. काठीवर गवताने भरलेलं छोटं मडकं पालथं घाला, दिवसा तो त्यात लपतो, सकाळी झटका. मावा आणि लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला असतात. पाण्याची जोरदार फवार खालून मारली तरी बराच आटोक्यात येतो. त्याने भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल, पण ते संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. भुरीसाठी खालची वीतभर पानं काढून टाका, हवा खेळू द्या.

विषाणूबद्दल मात्र मी कठोर आहे. झाड खुजं राहिलं, पानांच्या शिरांच्या कडेने पिवळे पट्टे किंवा ठिपके दिसले, पानं वेडीवाकडी झाली, तर तो मोझाइक विषाणू असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आपली कात्रीही नेते, आणि तो कंदात उतरतो, म्हणजे त्या कंदापासून पुढे केलेलं प्रत्येक झाड आजारी. एकदोन पानं पिवळी पडली म्हणून घाबरू नका, पण संपूर्ण झाड तसंच दिसत असेल तर कंदासकट उपटून टाका, कंपोस्टमध्येही नको. बुडाशी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा बारीक फुटव्यांचा पुंजका दिसला तर तो जिवाणूंचा रोग आहे. अधिक डोळे फुटले म्हणून खूश होऊन तो कंद वाटू नका. मी एकदा वाटला होता.

आता साठवण. जिथे जमीन गोठत नाही आणि विश्रांतीच्या काळात जमीन कोरडी राहते, तिथे कंद जागेवरच ठेवता येतात; फक्त दोन-तीन वर्षांनी काढून विभागावे लागतात, नाहीतर मध्ये गर्दी होऊन झाड हळूहळू फुलणं कमी करतं. जिथे जमीन गोठते, किंवा विश्रांतीच्या काळातच मुसळधार पाऊस असतो, तिथे काढणं भाग आहे. थंडीइतकीच ओल घातक.

काढायची घाई करू नका. दिवस बारा तासांच्या खाली गेला की डेलिया कंद भरण्याकडे जोर लावतं, म्हणजे शेवटचे काही आठवडे जमिनीखाली बरंच काम चाललेलं असतं. याच दिवसांत भरगच्च फुलांच्या मधोमध पिवळा डोळा उघडा दिसू लागतो, तोही लहान दिवसांचाच परिणाम. जात बिघडली असं समजू नका. पानं गोठलेल्या दहिवराने काळी पडली किंवा आपोआप पिवळी होऊन वाळली की खोड जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापा. पोकळ खोडात पावसाचं पाणी भरू देऊ नका, ते थेट गाठीत उतरतं. मग खोडापासून फूटभर लांब, चारी बाजूंनी फावड्याने माती सैल करा आणि खालून उचला. खोडाला धरून उपटायचा मोह होतो. तसं केलंत की माना मोडतात आणि वर्षभराची मेहनत त्या एका हिसक्यात जाते.

माती धुवा, उलटे टांगून किंवा जाळीवर ठेवून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. उन्हात नको, सुरकुततात. नंतर कोरडा कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांत वापरतात ते हलकं खनिज) यात, एकमेकांना न टेकवता, खोक्यात रचा आणि चार ते दहा अंशांच्या दरम्यान, अंधारात ठेवा. एका वर्षी मी सगळे कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले होते, सुरकुतू नयेत म्हणून. पिशवी उघडली तेव्हा ती पिशवी तशीच बाहेर नेऊन टाकली. खोका श्वास घेणारा हवा. महिन्यातून एकदा कंद चाचपा: मऊ, ओला झाला असेल तर तो भाग चांगल्या भागापर्यंत कापा, कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावा, सुरकुतला असेल तर भुशावर थोडंसं पाणी शिंपडा. इतर कंद वाचतात ते या महिन्यातून एकदाच्या चाचपण्यामुळे.

विभागणी काढल्यावर लगेच करावी की लावण्याच्या आधी, यावर हौशी लोकांत कायम वाद चालतात. लगेच केली तर गाठ मऊ असते, सुरी सहज चालते, पण डोळे दिसत नाहीत. नंतर केली तर डोळे स्पष्ट दिसतात पण गाठ लाकडासारखी होते आणि सुरी घसरून बोटावर येते. नवख्याने नंतरच करावी, असं माझं मत. सुरी प्रत्येक गड्ड्यानंतर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवा. प्रत्येक तुकड्याला एक कंद, शाबूत मान आणि गाठीचा डोळा असलेला भाग, एवढं हवंच. एका गड्ड्यातून चार चांगले तुकडे निघाले तर समाधान माना. दहाच्या हव्यासापायी सगळेच आंधळे होतात.

एकाच कंदापासून अनेक झाडं हवी असतील तर छाट कलम करा. लावणीच्या दीड-दोन महिने आधी कंद ओलसर कोकोपीटमध्ये उबेला ठेवा, कोंब सात-आठ सेंटिमीटरचे झाले की बुडाशी थोडा भाग कंदावर ठेवून कापा, खालची पानं काढून कुंडीत रोवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. उरलेला कंद पुन्हा कोंब काढतो, तोही लावता येतो.

बियांपासूनही डेलिया होतं, त्याच वर्षी फुलतं, पण आईसारखं होत नाही. आपल्या बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण चौसष्ट गुणसूत्रं, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सोडत. हजारो जाती आल्या त्या यातूनच. 1872 साली मेक्सिकोहून नेदरलँड्सला पाठवलेल्या एका खोक्यातले जवळजवळ सगळे कंद सडले, एक वाचला, आणि त्यातून गुंडाळलेल्या टोकदार पाकळ्यांचं लाल फूल आलं. आजच्या कॅक्टस डेलियांचं मूळ ते. आणि ज्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांचं नाव या फुलाला 1791 मध्ये मिळालं, ते 1789 मध्येच वारले होते. स्वतःच्या नावाचं फूल त्यांच्या कानावरही आलं नाही.

शेवटी तुमच्या पाच झाडांसाठी आत्ताच करायचं काम एक. फुलं अजून झाडावर आहेत तोवर प्रत्येक झाडाच्या बुडाशी रंग आणि उंची लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधा, पेन्सिलीने लिहा, शाई पुसून जाते. आणि ज्या दोन झाडांनी नुसती पानं काढली, त्यांच्या चिठ्ठीवर तसं लिहून ठेवा. त्यांना पुढच्या वेळी नत्राचं खत नाही, आधी शेंडा खुडायचा.